स्टुडिओवाल्या काकांना, बोरन्हाणाच्या फोटोंसाठी

तीर्थस्वरूप काका,

सा. न. वि. वि.

धाकट्याच्या बोरन्हाणाचे फोटो काल छापून आले. बहुतेक ८ बाय १० इंचांचे काढलेत, तुम्ही म्हणालात तसे मॅट कागदावर. मुकुटातल्या हलव्याचा काटा न् काटा दिसतोय आणि काळ्या झबल्याच्या चुण्याही दिसतायत. सासूबाईंनी चष्मा पुसून दोनदा पाहिले आणि विचारलं, "हे आपल्या हॉलमधले?" आपल्याच हॉलमधले, टीपॉय आणि खुर्च्या गॅलरीत काढून.

आभार तोंडावर मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, चहा टाक" म्हणून विषय संपवता. म्हणून लिहितेय, तेही सगळ्यांना वाचता येईल असं. घरात लहान मूल आहे, हातात साधा कॅमेरा आहे आणि लाईटवर फार खर्च करायची ऐपत नाही, अशा कुणालाही तुम्ही मला शिकवलेलं उपयोगी पडेल.

साताऱ्यात तुमचा स्टुडिओ चालू होता तेव्हा पासपोर्ट फोटोपासून लग्नापर्यंत सगळं तुमच्याकडे व्हायचं. माझा पहिल्या वाढदिवसाचा फोटो तुमच्याच हातचा. माझ्या गालावर ओरखडा होता, तो तुम्ही निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवून घालवलात, हे आई अजून सांगते. स्टुडिओ बंद करताना बाकी सामान विकलंत, पण लाईटची एक पांढरी अंब्रेला, एक स्टँड आणि एक जुना फ्लॅश माळ्यावर राहिला होता. त्यातली अंब्रेला आणि स्टँड तुम्ही स्वतः जिना चढून माझ्या दारात आणून ठेवलंत, दुखऱ्या गुडघ्यांनी. पैशांचं विचारल्यावर रागावलात.

त्याआधी एका दुकानात मला सांगितलं होतं की दोन सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणाऱ्या, लाईटवर चढवायच्या कापडी पेट्या), पडदा आणि पडद्याची चौकट घेतल्याशिवाय घरी पोर्ट्रेट होतच नाही. तुम्ही यादी वाचलीत, घडी घालून परत दिलीत आणि म्हणालात, "दिवा केवढ्याचा ते सोड. मुलाच्या जागी बसून तो केवढा दिसतो ते बघ." मी खरंच स्टुलावर बसून पाहिलं. नुसत्या फ्लॅशचं तोंड जेमतेम ७ सेंटिमीटर रुंद, त्यामुळे नाकाची सावली गालावर सुरीने कापल्यासारखी पडते. तोच फ्लॅश ८४ सेंटिमीटरच्या पांढऱ्या अंब्रेलातून आला की मुलाच्या डोक्यापेक्षा मोठा पडदाच उजळतो, उजेड गालाला वळसा घालून पलीकडे पोचतो आणि सावलीची कड विरघळते. अंब्रेला खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेली तर तीही लहानच दिसणार आणि सावली पुन्हा धारदार होणार. हे एवढं कळल्यावर मी सेकंडहँड मॅन्युअल फ्लॅश आणि फ्लॅश लांबून पेटवणारा एक रेडिओ ट्रिगर घेतला. दुसऱ्या लाईटच्या जागी, उजेड उलट फेकायला, स्टेशनरीच्या दुकानातला पांढरा सनबोर्ड. (तुमच्या वेळी थर्मोकोल असायचा. २०१८ च्या बंदीनंतर सजावटीचा थर्मोकोल गेला, पण सनबोर्ड टिकतो जास्त आणि भुगाही पडत नाही.)

मग तुम्ही देवघरातला नारळ मागितलात. काळं झबलं स्टुलावर उशीला घातलंत, वर नारळ ठेवलात, त्यावर हलव्याचा मुकुट, आणि म्हणालात, "पोराला आत्ता बोलवू नकोस. त्याच्याकडे दहा मिनिटं असतात. ती उजेड लावण्यात घालवायची नाहीत." शेंडी पुढे ओढून तिचं नाक केलंत, आणि त्या नाकाची सावली कुठे पडते ते दाखवत स्टँड हलवत राहिलात. बाजूला ४५ अंश, उंची कपाळाच्या थोडी वर. मोठ्यांच्या मापाने स्टँड उंच केला तर मुलाच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, कारण मूल बुटकं असतं आणि वर बघत नाही, ही गोष्ट नारळावर इतकी स्वच्छ दिसली की परत विचारावं लागलं नाही.

बोरन्हाणाचा फोटो म्हणजे उजेडाची परीक्षाच असते, हे तुमचं म्हणणं पटलं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हा सोहळा होतो, पोराला काळे कपडे आणि पांढरे दागिने घालतात, आणि मोबाईलमधल्या फोटोत एकतर दागिने पांढरे फटक होतात किंवा झबल्याचा काळा डाग होतो. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मधल्या राखाडी छटेचं आहे असं धरून चालतं. चौकटीत काळं जास्त आलं की ते उजेड वाढवतं आणि हलवा पार उडतो. म्हणून तुम्ही सगळं मॅन्युअल करायला लावलंत: आयएसओ (कॅमेरा उजेड किती टिपतो तो आकडा) १००, लेन्सचं भोक एफ ५.६, शटर १/१६० सेकंद. हॉलची ट्यूबलाईट चालूच ठेवायची, फोकसला आणि पोराला दोघांनाही दिसायला हवं. या सेटिंगला ट्यूबचा उजेड फोटोत जवळजवळ उतरतच नाही.

पण मला सगळ्यात भावलं ते अंतराचं गणित. अंब्रेला मुकुटापासून ६० सेंटिमीटरवर होती, कमरपट्टा तिच्यापासून ९० सेंटिमीटरवर. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे मुकुटाला कमरपट्ट्याच्या साधारण सव्वादोन पट उजेड मिळत होता. मुकुट जळत होता आणि खालचे दागिने अंधारात. तुम्ही स्टँड मागे सरकवून अंतर १२० सेंटिमीटर केलंत. आता कमरपट्टा १५० वर, आणि फरक दीडपटीच्या जरासा वर. फ्लॅशची पॉवर वाढवून पूर्ण ताकदीच्या १/८ केली की झालं. सावली किंचित कडक झाली, ती सनबोर्डने भरून काढली. तेवढ्यावर न थांबता अंब्रेला थोडी पुढच्या बाजूला वळवलीत, म्हणजे तिच्या मध्याऐवजी कडेचा उजेड पोराच्या अंगावर येईल. हलव्याचे काटे उठून दिसले ते या बाजूने घासत जाणाऱ्या उजेडामुळे. समोरून टाकला असता तर साखरेचे गुळगुळीत मणी दिसले असते. ज्या हाताने तासन्‌तास बसून मंद आचेवर हलव्याला काटा आणलाय, त्याची मेहनत फोटोत यायलाच हवी, असं तुम्ही म्हणालात तेव्हा मला भरून आलं. हलवा सासूबाईंनीच केला होता.

झबल्याचं कापडही तुम्हीच बदलायला सांगितलंत. साधं सुती काळं उजेड गिळून टाकतं. काळ्या खणाला विणीची चमक असते, सनबोर्ड जवळ आणला की तिच्यावर उजेडाची रेघ उमटते आणि घडी दिसते. आणि मागे काळं नको, नाहीतर केस आणि झबलं पार्श्वभूमीत बुडतात. गव्हाळ रंगाची सुती चादर, कडक इस्त्री करून, पोरापासून दीड मीटर मागे. इस्त्री विसरायची नाही, कारण बाजूचा उजेड हलव्याचे काटे दाखवतो तशाच चादरीच्या सुरकुत्याही दाखवतो.

बरेच जण विचारतात, फ्लॅशऐवजी एलईडी बल्ब लावले तर? खर्च आणखी कमी. तुमचं उत्तर मला पाठ झालंय. जागेवर बसणाऱ्या मुलाला चालेल, पण कागदाचा खोका बघून घ्यायचा: सीआरआय, म्हणजे बल्बच्या उजेडात रंग किती खरे दिसतात तो आकडा, ९० च्या वर हवा. स्वस्त बल्बमध्ये लाल छटा कमी पडते आणि आपल्याकडची सावळी, गव्हाळ कांती राखेसारखी दिसते. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची, साधा बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, आणि शटर वेगवान ठेवलं की फोटोत पट्टे येतात. ते टाळायला १/५० किंवा १/१०० वर यावं, तर दीड-दोन वर्षांचं पोर तेवढ्यात हलतं. कमी पॉवरवरचा फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ चमकतो. हवेतून पडणारी बोरं आणि चुरमुरे त्यामुळेच जागच्या जागी थांबलेत.

तुमचा जुना फ्लॅश मात्र तुम्ही मला हातही लावू दिला नाहीत. अशा काही जुन्या फ्लॅशचा ट्रिगर व्होल्टेज (कॅमेऱ्याच्या जोडावर येणारा दाब) २०० व्होल्टच्याही वर असतो आणि आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसवला तर कॅमेरा जाऊ शकतो, हे कळकळीने सांगितलंत. माळ्यावर असा फ्लॅश सापडला असेल त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. स्टँडच्या पायावर २ किलो वाळूची पिशवी, वायर असेल तर जमिनीला चिकटवलेली, हेही तुमचेच नियम. पोर धावत येणार आणि पहिल्यांदा स्टँडलाच मिठी मारणार, हे तुम्ही आयुष्यभर पाहिलेलं.

आणि त्या दिवशीचं तुमचं वागणं. तुम्ही आलात, कॅमेऱ्याकडे बघितलंही नाहीत, धाकट्याशेजारी फरशीवर बसलात. फ्लॅशचं टेस्टचं बटण त्याला दाबायला दिलंत. लख्ख झालं, तो दचकला, मग हसला, मग त्याने ते बटण इतक्यांदा दाबलं की त्याच्यासाठी फ्लॅश घरातलाच झाला. "आता आजीला अंब्रेलाच्या बाजूला उभी कर," तुम्ही हळूच म्हणालात. आजी तिकडे, म्हणून त्याची नजर तिकडे, म्हणून उजेड थेट डोळ्यात. प्रत्येक फोटोत बुबुळाच्या वरच्या कोपऱ्यात ती छोटी पांढरी अंब्रेला आहे. मी "इकडे बघ, हस" म्हणायला लागले, तर तुम्ही मानेनेच नको म्हणालात. तो आजीच्या ओंजळीतली बोरं बघत होता, आणि हातातली हलव्याची बासरी तोंडात घालून चाखत होता. तोच फोटो मी सगळ्यात मोठा छापलाय.

थोरलीची मैत्रीण सव्वा महिन्याच्या भावाचे फोटो काढायला मागे लागली होती. तुम्ही तिच्या आईला फ्लॅश नकोच म्हणालात, उत्तरेची खिडकी आणि सनबोर्ड पुरे. जानेवारीत त्या खिडकीत ऊन येतच नाही, दिवसभर शांत उजेड. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मात्र आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला जातो, तेव्हा पातळ पांढरा पडदा लावायचा. त्यांचेही फोटो सुरेख आलेत.

काका, तुमचा स्टुडिओ बंद झाला तेव्हा मी परगावी होते, निरोपालाही येता आलं नाही. पण तुमच्या हातातली विद्या आमच्या हॉलपर्यंत पोचली याचा मला फार आनंद आहे, आणि धाकट्याच्या फोटोमागे पेन्सिलीने तारखेखाली मी तुमचं नाव लिहिलंय. शेजारच्या दोघीजणी पुढच्या रविवारी त्यांची पोरं घेऊन येतायत. तुमची अंब्रेला त्यांनाही देतेय, तुम्ही नाही म्हणणार नाही हे गृहीत धरून.

तुमच्यासाठी एक प्रत चौकट करून ठेवलीय. शनिवारी संध्याकाळी घेऊन येते. काकूंना सांगा, स्वयंपाकाचं काही करू नका, गुळाच्या पोळ्या आणि तूप मी आणतेय. आणि तो नारळही आणते, तो अजून आम्ही फोडलेला नाही.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुमची,
धाकट्याची आई