सरांच्या नावाची शिष्यवृत्ती टिकावी म्हणून

महोदय,

राष्ट्रीय सेवा योजनेचे किंवा वाङ्मय मंडळाचे काम वर्षानुवर्षे सांभाळणारे प्राध्यापक निवृत्त झाले, की माजी विद्यार्थी त्यांच्या नावाने शिष्यवृत्ती ठेवतात. भावना मोलाची, पण हिशेब कच्चा राहतो. 50 हजारांची ठेव साडेसहा टक्क्यांनी वर्षाला 3,250 रुपये देते. एवढ्यात आज काय होते? दरवर्षी 10 हजार द्यायचे आणि महागाईसाठी पाव व्याज मुद्दलात टाकायचे, तर सुमारे 2 लाख 5 हजार लागतात.

देणगीपत्रात ‘कायम निधी, फक्त व्याज वापरावे’ हे स्पष्ट लिहावे. नाहीतर रक्कम सर्वसाधारण खात्यात मिसळते. रोख दोन हजारांपेक्षा जास्त दिल्यास प्राप्तिकर सवलत मिळत नाही, म्हणून धनादेशच द्यावा.

‘तृतीय वर्ष संस्कृतमध्ये प्रथम’ अशी अट घालू नये. त्या विषयाला विद्यार्थीच नसले, की व्याज पडून राहते. पर्यायी निकष पत्रातच असावा. सरांनी आयुष्यभर शिबिरे घेतली असतील, तर सात दिवसांच्या निवासी शिबिरात राबलेल्या मुलामुलींचा विचार आधी व्हावा. आणि रक्कम स्नेहसंमेलनात नव्हे, जूनमध्ये, प्रवेश शुल्क भरायच्या आधी हातात पडावी.

— निवृत्त कार्यालयीन अधीक्षक, सातारा