विहिरीचं सोडून

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

काल रात्री सुखरूप पोचलो. तुझी आई पाय शेकत बसली आहे. मी कागद घेतलेला पाहून तिने लगेच बजावलं, "पत्रात विहीर आणायची नाही." निघताना अंगणात झालं तेवढं पुरे, असं तिचं म्हणणं. विनायकराव शांत माणूस. "बघू, पावसाळा सरल्यावर कठडा बांधू" एवढंच ते म्हणाले आणि माझा आवाज चढला. ओवी दाराआड गेली ते मी पाहिलं. तेव्हा विहिरीचं सोडून बाकीचं लिहितो. बाकीचंही पुष्कळ आहे.

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली त्या दिवसाची तारीख आईने गोठ्याच्या दारावर खडूने लिहिली आहे. ती पुसू देऊ नका. तिथून एकवीस दिवस धरायचे. आठवडा उलटला की संध्याकाळी कोंबडी दाणे टिपायला उठेल, तेवढ्यात एकेक अंडं टॉर्चवर धरून बघ. आत लाल शिरांचं जाळं दिसलं की जीव धरलाय समजावं. नुसताच स्वच्छ पिवळा उजेड आरपार आला तर ते अंडं वांझ. ते काढून टाक, नाहीतर सडून फुटतं आणि बाकीच्यांनाही घाण लागते. हे ओवीला दाखवच. तू तिच्याएवढी असताना अंडं कानाला लावून बसायचीस आणि "आत कोणीतरी चालतंय" म्हणायचीस. आम्ही हसायचो, पण शेवटच्या दिवसांत पिल्लाची टोच आणि चिवचिव कवचातून खरंच ऐकू येते. त्या शेवटच्या तीन दिवसांत मात्र अंड्यांना हात लावायचा नाही. भोक पाडून झालं की पिल्लू तासन्‌तास थांबतं. आपला जीव वरखाली होतो, आपण कवच सोलायला जातो आणि रक्त येतं. ते अडकलेलं नसतं. उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं, आणि त्याच शिदोरीवर बाहेर आल्यावर दोन दिवस दाण्यावाचून काढतं.

गौरीही पावसाच्या आगेमागे व्यायला होईल. कास भरून येईल, शेपटीच्या मुळाशी दोन्ही अंगांना खळगे पडतील, मग दिवस मोजायला नकोत, रात्री एकदा उठून बघत जा. पुढचे दोन खूर आणि त्यांच्यावर टेकलेलं तोंड दिसलं तर लांब उभे राहा, कुणी ओढाओढ करू नका. एकच पाय आला, किंवा जोराच्या कळा देऊनही तास-दोन तास काहीच पुढे सरकलं नाही, तर लगेच डॉक्टर. आणि एक गोष्ट मी विनायकरावांना तीनतीनदा सांगितली असेल, पण तुला लिहून ठेवतो. गर्भाची वार पडायची वाट बघत वासराला ताटकळत ठेवायचं नाही. जुने लोक ठेवायचे. उठून उभं राहिलं की पहिल्या दुधाचा चीक पोटात गेलाच पाहिजे, पहिल्या दोन तासांत. रोगाशी झगडायचं बळ वासरू जन्मताना घेऊन येत नाही, ते चिकातून मिळतं. ते रक्तात घ्यायची आतड्यांची ताकद तासागणिक कमी होते आणि दिवसभरात संपते. दुसऱ्या दिवशी बादलीभर पाजलात तरी त्याचा तसा उपयोग नाही.

ओवीला वासराचं पहिलं उभं राहणं बघू दे. मागचे पाय आधी उचलतं, मग गुडघ्यांवर थबकतं, तोंडावर आपटतं, पुन्हा तेच. फक्त तिला गौरीच्या जवळ सोडू नकोस. कितीही गरीब गाय असली तरी ताज्या बाळंतपणात ती कुणाची नसते. आणि गोठ्याचं मागचं दार लावलेलं असू दे. त्या दारातून सरळ वाट कुठे जाते ते तुला माहीत आहे.

बघ, आलीच.

आता आलीच आहे तर एवढंच वाचून घे. लहान मूल पाण्यात पडलं की आरडाओरडा करतं असं सगळ्यांना वाटतं. तसं होत नाही. हाक मारायला श्वास लागतो, आणि तोच नसतो. डोकं अंगाच्या मानाने जड, त्यामुळे वाकून बघणारं मूल डोक्याकडूनच जातं. विहीरच कशाला, अंगणातली अर्धी बादलीसुद्धा पुरते. रात्री बादल्या, टब पालथे घालून ठेवा. तू म्हणालीस, "बाबा, ओवी आमच्या नजरेसमोरच असते." असते ना. तुम्ही दोघं तिला किती जपता ते मी बघून आलो. पण शेतावर नजर एका जागी ठरत नाही. दूध उतू जातं, वासरू सुटतं, कुणी बांधावरून हाक मारतं. कठडा मात्र कुठे जात नाही. नानाचं तुला ठाऊक आहे, ते काही पुन्हा लिहीत नाही. तुझी आई अजून त्या विषयावर उठून आत जाते.

रागावू नकोस. जात्यावरच्या ओव्यांसारखं तेच तेच गातोय म्हणशील. तू संसार मांडलास, रान कसतेस, आणि मी तुला बादली कशी ठेवावी ते शिकवतोय. खरं सांगू, मला कौतुक करायला जमत नाही. तुमचं बियाणं मी रिकाम्या वेळात उघडून बघितलं. दाणा दाताखाली धरला तर कट्‌कन वाजला. नीट वाळल्याची तीच खूण, ओला असेल तर नुसता दबतो. राख मिसळून, झाकण लावून, जमिनीपासून वर फळीवर ठेवलेलं. हे तुला कुणी शिकवलं नव्हतं, आजीचं बघून बघून आलं असणार. तेव्हा काही बोललो नाही, बरणी जागेवर ठेवून बाहेर आलो. घरी येऊन तुझ्या आईला मात्र दोनदा सांगितलं.

शहरातली नोकरी सोडून निघालात तेव्हा लोकांनी मला बरंच विचारलं. मी काय उत्तर द्यायचो ते जाऊ दे.

पहिला पाऊस पडून गेला की ओवीला बांधावर ने, मऊ ओल्या मातीत. मृगाचे किडे निघतील, लालभडक मखमलीचे. तू आगपेटी भरून आणायचीस. एकदा हातावर घेऊन पाय मोजत बसलीस, आठ निघाले. मग शाळेत जाऊन भांडलीस, की किड्याला सहा पाय असतात, तर याला किडा का म्हणायचं? गुरुजी मला वाटेत भेटून म्हणाले, पोरगी ऐकत नाही. तुझं बरोबर होतं. तो कोळ्याच्या जातकुळीतला. गुरुजींसमोर मी गंभीर चेहरा ठेवला, पण घरी येईपर्यंत हसत होतो. ओवीला आगपेटीत भरू देऊ नकोस, हातावर चालवून सोडून द्यायला सांग.

वळवाची वीज चमकली की तिला मोजायला शिकव. चमक आणि गडगडाट यांत तीन सेकंद गेले तर वीज किलोमीटरभर लांब. पण हा घरात बसून खेळायचा खेळ. गडगडाट कानावर आला म्हणजे आपणही विजेच्या टप्प्यात आहोत असं समजायचं. झाडाखाली थांबायचं नाही, गुरं सोडवायलाही धावायचं नाही. हे विनायकरावांना सांग. तो माणूस गुरांसाठी धावणारच.

त्यांना आणखी एक सांग, माझं नाव न घेता सांगितलंस तरी चालेल. पावसाआधी गाळ काढायला विहिरीत उतरायचं म्हणत होते. बरेच दिवस उपसा न झालेल्या विहिरीत तळाशी वाईट हवा साठते. ती जड असते, वर येत नाही, वास येईलच असंही नाही. कंदील दोरीने सोडून बघायची जुनी रीत आहे. विझला तर उतरायचं नाहीच, पण जळत राहिला म्हणजे सगळं ठीक असंही नाही, काही वायू ज्योत विझवत नाहीत. हवा तपासायचं यंत्र असलेला माणूस बोलवा. एकटं उतरायचं नाही, कमरेला दोर आणि वर दोघे हवेतच. आणि खाली कुणी कोसळला तर त्याला काढायला दुसऱ्याने उडी घालायची नाही. एकामागे एक माणसं अशीच जातात.

झालं. खरंच झालं. कठडा पावसाळ्यानंतर बांधा, कमरेइतका उंच आणि बाहेरून पाय ठेवायला खोबण नसलेला. तोपर्यंत लोखंडी जाळी टाका. तिचे पैसे मी देतो, हे तुला आवडणार नाही हे माहीत असूनही देतो.

तुमच्या अंगणात खाट टाकून झोपलो होतो त्या रात्री ओवी माझ्या पोटावर पडून आभाळ बघत होती. सप्तर्षींच्या पुढच्या दोन ताऱ्यांवरून रेघ ओढत ध्रुवापर्यंत कसं जायचं ते तिला दाखवलं. तिने बोट भलतीकडेच नेलं आणि "सापडला" म्हणाली. मीही सापडला म्हटलं. मग विचारते, "आबा, तो पडत का नाही?" मला उत्तर सुचेपर्यंत झोपली. कुशीवर वळवली तर केसांत कडब्याची काडी निघाली. इतक्या वर्षांनी मी उघड्यावर इतका गाढ झोपलो, की पहाटे दव पडून पांघरूण ओलं झालं तरी कळलं नाही. तुझी आई म्हणते, म्हणूनच खोकला लागला. लागू दे.

विनायकरावांना नमस्कार सांग. माझा आवाज चढला त्याचं त्यांनी मनावर घेऊ नये. ओवीला पापा. पिल्लं निघाली की किती निघाली ते कळव, आणि गौरी व्याली की मध्यरात्र असली तरी फोन कर.

तुझे,
बाबा

ता. क. चष्म्याचं घर तुमच्या खिडकीत राहिलं. पाठवायच्या भानगडीत पडू नकोस, पावसाच्या आधी मी येणारच आहे.