‘नोंद आढळत नाही’ या पत्रावर कुणाची भरपाई अडू नये : वाहतूकमंत्र्यांना खुले पत्र

माननीय वाहतूकमंत्री,
गोवा राज्य, पर्वरी

महोदय, सप्रेम नमस्कार.

अपघातात घरचे माणूस गेलेल्या कुटुंबांना दाव्याचे कागद लावून द्यायचे काम मी डिचोलीत बरीच वर्षे करतो आहे. आज चालकांच्या लायसन्सच्या पडताळणीबद्दल एकच मागणी घेऊन लिहितो आहे, आणि ती आपल्या खात्याच्या हातातली आहे.

जवळच्या गावातल्या एका बाईंचा नवरा दुचाकीवरून कामाला जाताना मालवाहू टेंपोच्या धडकेत गेला. टेंपोचा विमा चालू होता, हप्ता भरलेला होता. तरी मोटार अपघात भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणात विमा कंपनीने हात वर केले. म्हणे, चालकाचे लायसन्स बनावट. पुरावा म्हणून एका आरटीओचे दोन ओळींचे पत्र: सदर क्रमांकाची नोंद या कार्यालयाच्या अभिलेखात आढळत नाही. खाली सही, शिक्का. लायसन्स जुने, पुस्तिकेचे, संगणक येण्याआधीचे. आम्ही माहिती हक्काखाली विचारले, त्या वर्षाची नोंदवही पाहिली का? उत्तर आले, वही वाळवीने खराब झाल्यामुळे उपलब्ध नाही. तपासायला वहीच नव्हती, आणि पत्र मात्र बनावटपणाचा दाखला म्हणून फायलीला लागले! हे कळेपर्यंत तारखांवर तारखा पडल्या आणि थोरल्या मुलाने बारावीनंतर शिक्षण सोडून गॅरेज धरले.

कायदा या बाईंच्या विरोधात नाही. स्वर्णसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच सांगितले, की लायसन्स खोटे आहे एवढ्यावर विमा कंपनी अपघातग्रस्ताच्या देण्यातून सुटत नाही. वाहनमालकाने योग्य ती काळजी घेतली नाही, हे कंपनीने सिद्ध करायचे असते. तेही सिद्ध झाले, तरी आधी भरपाई भरा आणि मग मालकाकडून वसूल करा, असा आदेश होऊ शकतो. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर मालवाहू गाडी चालवता येते का, हा वादही ६ नोव्हेंबर २०२४ रोजी घटनापीठाने मिटवला: गाडीचे एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असेल तर लायसन्सवर मालवाहू गाडीसाठी वेगळ्या शेऱ्याची गरज नाही. आपल्याकडच्या पिकअपवाल्यांना त्याने मोठा दिलासा मिळाला.

अडते ते पुराव्यापाशी, आणि हा पुरावा आरटीओच्या टेबलावरून निघतो. ‘लायसन्स दिलेच नव्हते’ आणि ‘आमच्याकडे वही नाही’ या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपली कार्यालये दोन्हींसाठी एकच वाक्य लिहितात.

यात वाहनमालकही भरडला जातो. सत्तरी तालुक्यातला एखादा माणूस कर्ज काढून पिकअप घेतो, चालकाचे लायसन्स बघतो, त्याला गाडी चालवायला लावून बघतो, मगच कामाला ठेवतो. याहून जास्त चौकशीची अपेक्षा न्यायालयानेही ठेवलेली नाही. पण त्या गोलमोल पत्रावर वसुलीचा आदेश निघाला, तर गाडीही जाते आणि घरही गहाण पडते.

म्हणून विनंती अशी, की पडताळणीच्या पत्राचा नमुनाच बदलावा. कोणत्या वर्षाची कोणती वही पाहिली, ती पूर्ण आहे का, सारथी या लायसन्सच्या संगणकीय नोंदींच्या प्रणालीत शोध घेतला का, हे त्यात लिहिणे सक्तीचे करावे. वही नसेल तर ‘वही उपलब्ध नसल्याने खरे-खोटे सांगता येत नाही’ असे स्पष्ट लिहावे. खाली सही करणाऱ्याचे नाव आणि हुद्दा असावा, म्हणजे साक्षीला कुणाला बोलवायचे ते कळेल. पणजी, मडगाव, म्हापसा, डिचोली, सगळीकडच्या जुन्या वह्या स्कॅन करून त्यांच्या नोंदी सारथीत चढवाव्यात. उरलेल्या वह्याही पावसाळ्यागणिक कमी होत आहेत, त्यामुळे हे काम पुढच्या जूनच्या आत व्हावे.

बेळगाव-सिंधुदुर्गकडची लायसन्से घेऊन येणारे चालक गोव्यात पुष्कळ आहेत. त्यांची पडताळणी पोलिसांच्या अहवालाबरोबरच पूर्ण करून घ्यावी. अपघातानंतर सहा महिन्यांत दावा लावावा, अशी मुदत १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात आली. दिवसकार्य उरकून, रडणे आवरून माणसे कागदांकडे वळतात तोवर त्यातले बरेच दिवस गेलेले असतात. तपास अधिकाऱ्याने ९० दिवसांत द्यायच्या सविस्तर अपघात अहवालात लायसन्सचा खरा निकाल आला, तर बायाबापड्यांना आरटीओच्या खिडकीशी उभे राहावे लागणार नाही.

त्या बाईंची पुढची तारीख जुलैत आहे. तोवर नव्या नमुन्याचे परिपत्रक निघाले, तर मी स्वतः ते घेऊन त्यांच्या वकिलांकडे जाईन.

आपला विश्वासू,
डिचोलीतील एक नागरिक