चव्वेचाळीस अक्षरांची किल्ली

प्रिय माऊ,

काल रात्री अकराच्या सुमारास तुझा घराशी जोडलेला व्हीपीएन, म्हणजे तुझ्या लॅपटॉपपासून आपल्या राउटरपर्यंतची इंटरनेटवरची बंदिस्त वाट, मी तोडला, आणि त्यानंतर फोनवर आपण दोघी जे बोललो ते बोलायला नको होते. तुझ्या सादरीकरणाची फाइल निम्मी चढलेली असताना तुझे सगळे इंटरनेटच थांबले, हे तू सांगेपर्यंत मला ठाऊक नव्हते. तुझ्या लॅपटॉपची सगळी ये-जा आपल्या राउटरमधून व्हावी अशी मांडणी मीच करून दिली होती. तेव्हा इकडे तुझी नोंद पुसली की तिकडे तुला एकही पान उघडणार नाही, हे माझ्या लक्षात यायला हवे होते. मला त्याचे फार वाईट वाटते आहे. मी तसे का केले हे तुला नीट कळावे, एवढ्यासाठीच हे पत्र आहे. त्या जोडणीच्या किल्लीबद्दल पुन्हा बोलायचे नाही असे ठरवूनच लिहायला बसले आहे.

राउटरच्या पानावर प्रत्येक जोडणीपुढे शेवटचा संपर्क केव्हा झाला आणि तो कोणत्या पत्त्यावरून आला, हे दिसते. झोपण्यापूर्वी मी ते रोज पाहते. तुझ्या नावापुढे ‘एक मिनिटापूर्वी’ असे दिसले की तू खोलीवर पोचलीस हे कळते आणि मग मी दिवा मालवते. काल तिथला पत्ता सारखा बदलत होता. एकदा तुझ्या वसतिगृहाचा, पान ताजे केले की दुसराच कुठला तरी, पुन्हा केले की परत वसतिगृहाचा. एकच किल्ली दोन यंत्रांत असली की वायरगार्डमध्ये, म्हणजे आपला व्हीपीएन ज्यावर चालतो त्या प्रणालीत, असेच होते, कारण त्या किल्लीने शेवटचे पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, जिथून आले तिथेच राउटर उत्तर पाठवतो. मग दुसरे यंत्र खोळंबते, ते बोलू लागले की पहिले खोळंबते. आठवडाभर तुझे कॉल मध्येच अडकत होते तेही बहुधा यामुळेच. किल्ली चोरीला गेली असे समजून मी नोंद पुसली. तू ती फाइल तुझ्या मैत्रिणीला दिली आहेस आणि ती सुट्टीत तिच्या घरून वापरते आहे, हे माझ्या मनातही आले नव्हते.

तू म्हणालीस, ‘एक फाइल तर दिली.’ माऊ, त्या फाइलमध्ये चव्वेचाळीस अक्षरांची एक ओळ आहे, शेवटी बरोबरचे चिन्ह असलेली. तीच तुझी खाजगी किल्ली. वायरगार्डमध्ये वापरणाऱ्याचे नाव नसते, पासवर्ड नसतो आणि किल्लीची मुदतही आपोआप संपत नाही. ज्याच्या हाती ती ओळ, तो राउटरच्या दृष्टीने तूच. त्या ओळीने आजीच्या खोलीतल्या कॅमेऱ्यापर्यंत पोचता येते आणि दादाने भरून ठेवलेल्या फोटोंच्या डिस्कपर्यंतही. तुझी मैत्रीण चांगलीच असेल, पण तिचा लॅपटॉप आणखी कोण हाताळते, ती फाइल तिच्या कुठल्या फोल्डरमध्ये पडून आहे, हे तुलाही माहीत नाही आणि मलाही नाही.

हा व्हीपीएन उभा करायला मला सात आठवडे लागले, हे सांगून तुझ्यावर उपकार दाखवायचे नाहीत. जाण्यापूर्वी घरभर वाय-फाय पोचवणाऱ्या मेशचे तिन्ही नोड, म्हणजे ते छोटे डबे, तूच बसवलेस. जिन्याजवळचा नोड आजीच्या खोलीकडे तोंड करून ठेवलास आणि प्रत्येकामागे कागदाची चिठ्ठी चिकटवलीस. त्या चिठ्ठ्या अजून तशाच आहेत. व्हीपीएन मुख्य नोडवरच, म्हणजे आपल्या राउटरवरच चालतो, बाकीचे दोन केवळ घरातले वाय-फाय पुढे नेतात, एवढे समजायलाच मला आठवडा गेला. मग कळले की सेवा देणाऱ्यांच्या डब्याच्या मागे आपला राउटर बसवल्यामुळे दोन राउटर एकामागे एक झाले आहेत, आणि बाहेरून आलेली विनंती पहिल्यापाशीच अडते. तो डबा ब्रिज मोडमध्ये टाकला, म्हणजे त्याने राउटरचे काम सोडून जोडणी नुसती पुढे द्यावी, आणि ५१८२० क्रमांकाचा यूडीपी पोर्ट, म्हणजे वायरगार्डचे दार, उघडे आहे याची खात्री केली, तरी संपर्क होईना. शेवटी राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता पाहिला, तर तो १००.७० ने सुरू होत होता. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते अनेक घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवण्यासाठी राखलेले आहेत. असा पत्ता असेल तर बाहेरून घरात येण्याची वाटच नसते, मग आपण कितीही पोर्ट उघडले तरी. चार वेळा फोन केल्यावर सेवा देणाऱ्यांनी आपल्याला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता दिला. तो बदलता असल्यामुळे राउटरमधले डीडीएनएस चालू केले, म्हणजे पत्ता बदलला तरी नाव तेच राहते.

त्यानंतरचे तुला माहीतच आहे. तुझ्या वसतिगृहाचे आणि आपल्या घरचे दोन्ही नेटवर्कचे पत्ते १९२.१६८.१ नेच सुरू होत होते, त्यामुळे तुझा लॅपटॉप घरची डिस्क तिथल्या तिथेच शोधत बसायचा. मी घरचे सगळे १०.३७.५ वर आणले. प्रिंटर आणि कॅमेरा यांना नवे पत्ते देताना बाबा शेजारी बसून वहीत लिहून घेत होते. तरीही तुला काही पाने अर्धी उघडून थांबायची. मी सगळे मुळापासून पुन्हा करणार होते, तेवढ्यात तू फोनवर शांतपणे म्हणालीस, ‘आई, एमटीयू १४२० आहे, तो १२८० करून बघ.’ पॅकेटचा कमाल आकार तेवढा लहान केला आणि पाने उघडली. त्या दिवशी मी बाबांना तीनदा सांगितले की हे माऊने ओळखले, इतक्या लांबून, नुसते ऐकून. तुला मात्र सांगायचे राहिले.

तू तिसरीत असताना ऐन पावसात रेनकोट कुणाला तरी देऊन भिजत घरी आली होतीस. मी रागावले, तेव्हा तू म्हणालीस की तिचे घर आपल्यापेक्षा लांब आहे. त्या रात्री तुला ताप भरला आणि मी तुझ्या उशाशी बसून राहिले. असे मूल आपल्या पोटी आले याचा आनंद मानावा की याचे पुढे कसे होणार म्हणून घाबरावे, हे मला कळत नव्हते. काल रात्रीही कळले नाही. माझा सगळा राग किल्लीवरचा होता, तुझ्या देण्यावरचा नव्हता, आणि तेच मला फोनवर धड बोलता आले नाही.

आणखी एक सांगते. आपल्या व्हीपीएनमुळे वसतिगृहाच्या वाय-फायला तुझी ये-जा वाचता येत नाही हे खरे, पण ते संरक्षण आपल्या घरापर्यंतच असते. घरातून पुढे सगळे आपल्या पत्त्याने, नेहमीसारखेच जाते. तुझ्या किल्लीवरून कोणी काही भलतेसलते उघडले तर ते आपल्या घरातून उघडले अशीच नोंद राहते. तेव्हा किल्ली कोणाला देत जाऊ नकोस, मग ते माणूस कितीही जवळचे असो. बघ, बोलणार नाही म्हटले आणि पुन्हा तेच बोलले. तू शिकलेली, समजूतदार मुलगी आहेस. मला माफ कर.

आज सकाळी मी तीन नव्या नोंदींची तयारी केली आहे. एक तुझ्या लॅपटॉपची, एक तुझ्या फोनची आणि तिसरी तुझ्या मैत्रिणीची. तिचे वसतिगृहातले इंटरनेट अभ्यासाच्या संकेतस्थळांनाही अडवते असे तू म्हणालीस, ते मी ऐकले होते. तिला आपल्याकडून इंटरनेट मिळेल, पण घरातले नेटवर्क दिसणार नाही. तसा पर्याय राउटरमध्ये आहे. तिची जोडणी कधी बंद करावी लागली तर तुझी त्यात ओढली जाणार नाही. आणि यापुढे कोणतीही नोंद पुसण्यापूर्वी मी तुला फोन करीन, कितीही वाजले असले तरी.

या वेळी किल्ली मी पाठवणार नाही. लॅपटॉपवरच्या वायरगार्डमध्ये नवी रिकामी जोडणी तयार कर, म्हणजे खाजगी आणि सार्वजनिक अशा दोन्ही किल्ल्या तिथेच बनतील. खाजगी किल्ली तुझ्याच यंत्रात राहू दे. माझ्याकडूनही ती कुठे जायला नको. सार्वजनिक किल्ली तेवढी मला संदेशाने पाठव, ती कोणी पाहिली तरी बिघडत नाही. फोनसाठीही तसेच कर, आणि मैत्रिणीला तिच्या लॅपटॉपवर करून दे. मुख्य नोडचा स्विच रात्री बंद करू नये म्हणून मी त्यावर चिकटपट्टी लावली आहे आणि बाबांनाही सांगून ठेवले आहे.

किल्ली पाठवलीस की फोन कर आणि तिची शेवटची सहा अक्षरे मला वाचून दाखव. माझ्यासमोर आलेल्या अक्षरांशी ती जुळली की मी लगेच नोंद चालू करीन. मी जागी आहे.

तुझी,
आई