थळच्या गढूळ पाण्याबद्दल

ती. तांडेलकाका यांस,
सा. न. वि. वि.

चष्मा सापडत नाही असं म्हणून तुम्ही हे पत्र नातीच्या हातात द्याल आणि ती मोठ्यानं वाचून दाखवेल, हे गृहीत धरूनच लिहितोय. त्यामुळे आधी काकूंसाठी: ते छोटं पातेलं गेलं. तळाशी रेझिन (ओतल्यावर दगडासारखं घट्ट होणारं रसायन) असं बसलंय की छिन्नीलाही दाद देत नाही. नवं घेऊन येतोय, तेही जाड बुडाचं.

हे पत्र उघडं ठेवतोय, कारण माझ्यासारखी घरात बसून जहाजांची मॉडेलं करणारी बरीच मंडळी आहेत आणि मॉडेलभोवती रेझिनचं खोटं पाणी करताना आमची सगळ्यांचीच फजिती होते. त्यांच्यासाठी काही गोष्टी फोडून सांगाव्या लागतील. त्या तुम्हाला पाठ आहेत, तेवढं सहन करा.

मी करत होतो ती 'आयएनएस खांदेरी' पाणबुडी. माझगाव डॉकमध्ये बांधलेली, २८ सप्टेंबर २०१९ ला नौदलात दाखल झालेली. अलिबागजवळच्या थळला तुमच्या दारातून दिसणाऱ्या समुद्रातल्या किल्ल्याचंच तिचं नाव. खरी साडेसदुसष्ट मीटर लांब, माझी १:१४४ मापाची, म्हणजे ४७ सेंटिमीटरला जरा कमी. अंग लेथवर शिवणीच्या लाकडातून काढून घेतलं आणि उरलेलं सगळं घरी केलं. एकट्या पंख्यावर दीड महिना गेला. खऱ्या पाणबुडीचा पंखा सहसा झाकून ठेवतात, नीट फोटो मिळत नाहीत. त्यामुळे अंदाज, पुन्हा अंदाज, आणि पितळी पत्र्याची सातआठ पाती कचऱ्यात. पाणबुडी झाली तेव्हा वाटलं, मोठं काम संपलं. आता काय, पाणी ओतायचं.

पहिल्यांदा थर्माकोलचा साचा केला आणि दुकानदारानं दिलेलं पॉलिएस्टर रेझिन त्यात ओतलं. दहा मिनिटांत साचा गायब. रेझिन टेबलावर, टेबलावरून फरशीवर. दुसऱ्यांदा इपॉक्सी आणलं, लाकडी चौकट केली आणि भर मे महिन्यात चार सेंटिमीटरचा थर एका दमात ओतला. ते इतकं तापलं की हात लावता येईना. सकाळी बघतो तर पिवळा पडलेला, तडे गेलेला ठोकळा. नशीब त्यात पाणबुडी ठेवली नव्हती.

जूनमध्ये थळला आलो तो निव्वळ वैतागून. निदान खरी खांदेरी तरी किनाऱ्यावरून बघावी म्हणून. मासेमारी बंद, होड्या वर ओढून शाकारलेल्या, आणि एका ताडपत्रीखालून तोच वास आला जो माझ्या फरशीला अजून येतो. तुम्ही फायबरच्या होडीला ठिगळ लावत होतात. मी वाकून विचारलं, "पॉलिएस्टर का?" तुम्ही वरही न बघता म्हणालात, "मग काय अत्तर?"

माझी थर्माकोलची कहाणी ऐकून तुम्ही हातातला ब्रश खाली ठेवलात. बराच वेळ हसलात. मग म्हणालात, "अरे खातंय ते त्याला. शाळेतलं पोरगं पन सांगंल." शाळेतल्या पोराला नसेल माहीत, पण मला माहीत असायला हवं होतं: पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं आणि ते थर्माकोल विरघळवतं. इपॉक्सी तसं करत नाही. दुसरी गोष्ट तुम्ही न हसता, बोट रोखून सांगितलीत. कोबाल्ट (रेझिन घट्ट व्हायचा वेग वाढवणारं) आणि हार्डनर (ते घट्ट करणारं) एकमेकांत थेट कधी ओतायचं नाही, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पुरतं ढवळायचं, हार्डनर सगळ्यात शेवटी. माझ्या दुकानदारानं दोन्ही बाटल्या एकाच पिशवीत घालून दिल्या होत्या, एक शब्द न बोलता. या एका वाक्यासाठीसुद्धा हे पत्र लिहिलं असतं.

इपॉक्सीचा थर पातळ ओता, पहिला गार होऊ दे, मग दुसरा. लाकडाला आधी दोन हात सीलर मारा, नाहीतर त्यातली हवा बुडबुडे होऊन वर येते. रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण वजनकाट्यावर घ्या, डोळ्यानं नको. पावसाळ्यात वर चिकट धुकट पापुद्रा आला तर घाबरू नका, पाण्यानं धुवा. हे सगळं पुस्तकांतही असेल. पण होडीचं बूड रोज ज्याच्या भरवशावर समुद्रात जातं त्यानं सांगितलं की ते वेगळं बसतं.

मग मोबाइलवर तुम्हाला माझ्या दुसऱ्या प्रयत्नाचा फोटो दाखवला. तडे सोडून तुम्ही लाटांकडे बोट केलंत. "ही केवढी?" मी म्हटलं, चार सेंटिमीटर. तुम्ही मापाचा हिशेब मलाच करायला लावलात: पावणेसहा मीटर! "एवढ्या लाटंत तुझी पानबुडी राहूदे, माझं घर पन नाय राहिलं." आता माझ्या लाटा तीन-चार मिलिमीटरच्या आहेत, म्हणजे खऱ्या अर्ध्या मीटरच्या. बघणाऱ्याला आधी वाटतं पाणी सपाटच आहे. मग तो वाकतो.

आणि तो निळा रंग. मला काचेसारखं निळं पाणी हवं होतं. पाणबुडी अर्धी वर, अर्धी खाली, आणि खाली माझा दीड महिन्याचा पंखा लखलखताना दिसेल असं. तुम्ही विचारलंत, "कुठं हाय हा समुद्र?" मी म्हटलं, इथलाच, खांदेरीच्या पलीकडचा. तुम्ही काही बोलला नाहीत. नारळी पौर्णिमा होऊन गेल्यावर फोन केलात, "ये."

त्या सकाळी होडीत तुम्ही मला हात पाण्यात घालायला सांगितलंत. कोपरापर्यंत गेला आणि बोटं दिसेनात. हिरवट, राखाडी, मातकट. ओहोटीनं खाड्यांचा गाळ बाहेर आणलेला. माझ्या मापात ते अर्धा मीटर म्हणजे साडेतीन मिलिमीटर. पंखा तर पृष्ठाखाली दोन-अडीच सेंटिमीटरवर. तो दिसणं शक्यच नव्हतं. मी गप्प झालो तेव्हा तुम्ही म्हणालात, "अरे, दिसू नये म्हनूनच करतात ना ती?" तुम्हाला ते सहज सुचलं असेल. मला त्या दिवशी खूप राग आला होता, आता सांगतो.

तिथे ती बुडी मारणार नाही हेही तुमचंच. तळापासून टोकापर्यंत तिची उंची बारा मीटरच्या वर, आणि आपला किनारा उथळ. इथे खाली गेली तर गाळात बसेल. म्हणून माझी खांदेरी वर तरंगतच चाललीय, टोपावर, म्हणजे पाठीवरच्या उभ्या बुरुजावर, दोन माणसं उभी, प्रत्येकी बारा मिलिमीटरची.

परतताना तुम्ही पाच लिटरचा तेलाचा कॅन अर्धा पाण्यानं भरलात, दोरी बांधलीत आणि होडीच्या बाजूनं ओढत नेलात. पोरांचा खेळ चाललाय असं मला वाटलं. पण त्या गोल नाकावरून पाणी कसं चढतं ते मी तेव्हा पाहिलं. होडी पाणी कापते, तिच्या नाळेपाशी दोन्हीकडे फेस फुटतो. कॅन पाणी ढकलतो. गुळगुळीत, फेस नसलेला फुगवटा नाकावर चढतो, अंगावरून पातळ चादरीसारखा मागे सरकतो आणि खांद्यांपाशी आल्यावर पांढरा होतो. मी पाणबुडीला होडीचा फेस लावला होता. तो सगळा खरवडून काढला. नाकावरची ती चादर चकचकीत अ‍ॅक्रिलिक जेलची आहे, चार हात, प्रत्येक पातळ. फेस फक्त खांद्यांना आणि मागे, पाण्याबाहेर एकट्याच उभ्या सुकाणूच्या टोकाशी: टिशू पेपर, पातळ फेव्हिकॉल, वर कोरड्या ब्रशनं पांढरा.

रंग मात्र काकूंमुळे जमला. तुमच्या सांगण्यावरून खाडीचा गाळ घरी नेला, तव्यावर अगदी कोरडा केला, मलमलीतून चाळला आणि चिमूटभर इपॉक्सीत घातला. तो दर वेळी तळाशी बसायचा, पाण्याला पट्टे दिसायचे. ही रड तुमच्याकडे येऊन सांगत होतो तेव्हा काकू वड्यांसाठी पाक करत होत्या, त्यांनी तिकडूनच विचारलं, "पातळ असतानाच घालतोस काय?" तर आता ऐका, मंडळी: इपॉक्सी एकतारी पाकासारखं होईपर्यंत थांबायचं, मग गाळ ढवळायचा, मग लगेच ओतायचं. गाळ जिथल्या तिथे तरंगत राहतो. पातेलं त्यातच गेलं. "घे, जुनंच हाय," म्हणून काकूंनी बरोबर दिलं होतं आणि मी ते वेळेत पुसलं नाही.

पंखा आत आहे. कुणालाही दिसत नाही. बायकोला एकदा टॉर्च लावून दाखवायचा प्रयत्न केला, तिला गाळ दिसला.

किल्ला काही मावला नाही. या मापात एक किलोमीटर म्हणजे सात मीटर, माझी खोलीच साडेतीनची. त्याऐवजी उजव्या कोपऱ्यात, पाणबुडीपासून बेतानं लांब, एक होडी ठेवलीय. सहा सेंटिमीटरची, फायबरची, डाव्या बाजूला ठिगळ. बाजूनं दोरी सोडलीय आणि दोरीला मोहरीएवढा पिवळा कॅन.

तुम्ही दिलेल्या पिगमेंटच्या (रंगाच्या) डबीचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, डबी अर्धी शिल्लक आहे, परत आणतो. डिसेंबरात दुसऱ्या शनिवारी येतो. होडीवरचा झेंडा कुठल्या रंगाचा ते मी बघून ठेवलं नव्हतं, तो रंगवायचा राहिलाय. तेवढं नातीला फोनवर सांगायला सांगा.

आपला,
पानबुडीवाला