भारताची बोट गेली आणि जाहिराती लागल्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

2030च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार हे ठरल्यापासून उद्घाटन सोहळा कसा असावा यावर बरंच लिहून येतंय. कुणी म्हणतं ड्रोन हवेत, कुणी म्हणतं लेझर, कुणाला आपले सगळे नृत्यप्रकार एकाच रात्रीत दाखवायचे आहेत. दाखवा बापडे. मला मात्र लिहायचंय ते सोहळ्याच्या सगळ्यात साध्या भागाबद्दल: एकेका देशाचे खेळाडू आपला बावटा घेऊन पुढे येतात त्या संचलनाबद्दल. टीव्हीवर सर्वांत जास्त कात्री लागते ती नेमकी त्यालाच.

पॅरिसचं उदाहरण घेतो. 26 जुलै 2024, शुक्रवार. आपल्याकडे रात्रीचे अकरा. समारंभ स्टेडियमात नव्हता. उन्हाळी ऑलिंपिकच्या इतिहासात प्रथमच तो स्टेडियमबाहेर, सीन नदीवर झाला. ऑस्टरलिट्झच्या पुलापासून आयफेल टॉवरसमोरच्या त्रोकादेरोपर्यंत जवळपास सहा किलोमीटर, 85 बोटी आणि त्यांवर सहा-सात हजार खेळाडू. आता वेंगुर्ल्यात बोटींची मिरवणूक म्हटल्यावर झोप कुणाला लागणार? त्यात 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद, होड्या वर ओढून शाकारलेल्या, पहाटे समुद्रात कुणालाच जायचं नाही. आमच्या ओटीवर निम्मी वाडी जमली होती. बाहेर पाऊस आणि पॅरिसमध्येही पाऊस. बोटीवरचे खेळाडू प्लॅस्टिकचे रेनकोट घालून हात हलवत होते तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "गे बाये, तंयसरय असोच लागता?"

मी उमेदीची सगळी वर्षं बोटीवर काढली, सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे नाचगाण्यापेक्षा माझं लक्ष पाण्याकडे. जूनमध्ये नदीला ओढ जास्त होती म्हणून त्यांना एक रंगीत तालीम पुढे ढकलावी लागली होती. अशा पाण्यात, पुलांखालून, लहानमोठ्या एवढ्या बोटी एका रांगेत सारख्या अंतराने नेणं हे खायचं काम नव्हे. त्या बोटी चालवणाऱ्यांचं नाव कुठल्या समालोचकाने घेतल्याचं मला तरी ऐकू आलं नाही. असो, तो माझ्या धंद्याचा पोटशूळ समजा.

मी पाहत होतो त्या वाहिनीवर काय झालं ते सांगतो. सगळा वेळ एकच घोषा: भारत कधी येणार? संचलन फ्रेंच अकारविल्हे होतं, त्यामुळे आपली बोट साधारण मध्यावर आली. पी. व्ही. सिंधू आणि शरथ कमल तिरंगा घेऊन उभे होते. आमच्या ओटीवर शिट्ट्या वाजल्या, मीही टाळ्या वाजवल्या. बोट पुलाखालून गेली आणि लगेच जाहिराती. मग स्टुडिओत चार तज्ज्ञ, 117 खेळाडूंकडून पदकं किती येणार याचे अंदाज, पुन्हा जाहिराती. एका कोपऱ्यात काडेपेटीएवढ्या चौकटीत पॅरिस चालू, पण आवाज स्टुडिओचा. त्या चौकटीतून जे देश निघून गेले त्यांत लायबेरिया होता, मॉरिशस होता, पनामा होता, सेंट लुसिया होता.

हेच देश मी का मोजतोय, असं तुमच्या पुण्या-मुंबईच्या वाचकांना वाटेल. कोकणात विचारा. आमच्याकडे बोटीवर गेलेला माणूस नाही असं घर शोधावं लागतं आणि ती बोट बहुतेक वेळा लायबेरियाच्या, पनामाच्या नाहीतर मार्शल बेटांच्या बावट्याखाली असते. टनांच्या हिशोबात जगातली सर्वांत जास्त मालवाहू जहाजं याच तिघांकडे नोंदलेली आहेत. कर कमी, नियम सोयीचे, म्हणून मालक तिकडे नोंदणी करतात. मालक ग्रीक, बावटा लायबेरियाचा, खलाशी फिलिपिन्सचे आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातले, असा कारभार. जहाजाच्या मागच्या अंगाला नोंदणीचं बंदर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं असतं. लायबेरियाचं मोनरोव्हिया, मार्शल बेटांचं माजुरो. हा रंग मी स्वतः दोरीच्या फळीवर लोंबकळत काढलाय, पण या दोन्ही गावांत माझं पाऊल कधी पडलं नाही. तिथली माणसं दिसतात कशी हे पाहायची संधी चार वर्षांतून एकदा मिळते, ती टीव्हीवर. माझ्या नातवाने विचारलं, "आजोबा, ह्यो बावटो खंयचो? अमेरिकेसारो दिसता, पण तारो एकच." मी म्हटलं, लायबेरियाचो. पुढचं सांगेपर्यंत ती चौकट जाऊन पडदाभर साबणाचा फेस आला.

मार्शल बेटांची लोकसंख्या चाळीस-बेचाळीस हजार. 2008च्या बीजिंगपर्यंत ते ऑलिंपिकमध्ये नव्हतेच. नाऊरू, बेलीझ, सोमालिया आणि लिश्टेनश्टाइन यांचा पॅरिसला प्रत्येकी एकच खेळाडू होता. एकच! दोन माणसांनी मिळून बावटा धरायची आता पद्धत आहे, पण तेवढी माणसं तरी हवीत ना. अशा देशाला टीव्हीवर मिळून मिळणार किती, तर काही सेकंद. पॅरिसवाल्यांनीही छोट्या देशांना दोन-दोन, चार-चार करून एकेका बोटीत बसवलं होतं आणि कॅमेरा मध्येच नाचणाऱ्यांकडे वळत होता, म्हणजे दोष सगळा आपल्या वाहिनीचा नाही. स्टेडियमात निदान प्रत्येकाच्या पुढे नावाची पाटी असते आणि प्रत्येकाला स्वतःच्या पायांनी चालायला मिळतं. त्या रात्री तर निवेदकाने दक्षिण कोरियाच्या पथकाला उत्तर कोरियाचं नाव दिलं, नंतर ऑलिंपिक समितीला माफी मागावी लागली. दक्षिण कोरिया मोठा देश, म्हणून ते जगभर गाजलं. नाऊरूचं नाव चुकलं असतं तर?

आता पुढची गंमत ऐका. 3 ऑगस्टला पॅरिसमध्ये भर पावसात महिलांची शंभर मीटर शर्यत झाली. 10.72 सेकंदांत जिंकली ती ज्युलियन आल्फ्रेड, सेंट लुसियाची. त्याच संध्याकाळी तिहेरी उडीत 15.02 मीटरची झेप घेऊन थिया लाफाँड पहिली आली, ती डॉमिनिकाची. दोन्ही देशांचं ऑलिंपिकमधलं हे पहिलंच पदक आणि तेही थेट सुवर्ण. सेंट लुसियाची वस्ती दोन लाखांच्या आतली, डॉमिनिकाची सत्तर हजारांच्या आसपास. आमच्या एकट्या मालवण तालुक्यात 2011च्या जनगणनेला लाखावर माणसं होती. दुसऱ्या दिवशी त्याच वाहिनीवर तेच तज्ज्ञ "हा सेंट लुसिया कुठे आहे बरं" म्हणत नकाशा शोधत होते. आठ दिवसांपूर्वी त्यांच्यासमोरूनच बोट गेली होती की!

आपलं सुवर्ण त्या खेपेला एकही नव्हतं. स्वप्नील कुसाळेच्या कांस्याने आम्हाला झालेला आनंद मी कमी लेखत नाही, 1952च्या खाशाबा जाधवांनंतर वैयक्तिक पदक आणणारा तो महाराष्ट्राचा पहिला. पण म्हणूनच तर सत्तर हजारांच्या बेटावर असं काय आहे हे जाणून घ्यायला नको का?

मॉरिशसबद्दल तर मला राग आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून करारावर जी मराठी माणसं तिकडे उसाच्या मळ्यांत गेली, त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली पुष्कळ होती आणि आमचं वेंगुर्लं तेव्हा त्याच जिल्ह्यात. त्यांचे वंशज तिथे आजही गणपती बसवतात, चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. त्यांच्या देशाचं एकमेव ऑलिंपिक पदक 2008 साली बॉक्सिंगमध्ये आलं, कांस्य. मॉरिशसची बोट जाताना एक वाक्य बोलायचं होतं, "इथे आपली माणसं राहतात." एवढं वाक्य बोलायला कुठल्या तज्ज्ञाची गरज होती? पण समालोचन करणाऱ्याला मराठी येत असलं तरी मॉरिशस ठाऊक नसतं आणि ठाऊक असलं तरी जाहिरात लागलेली असते.

आमच्याकडे शिमग्यात देवाची पालखी घरोघर फिरते. चौसोपी वाडा असो की कुडाचं खोपटं, दारात पालखी टेकते, घरधनी ओटी भरतो, गाऱ्हाणं घालतो, मग ती पुढच्या दाराला जाते. वाड्यावर नाचून झालं म्हणून खोपटं टाळून पालखी सरळ सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर, नेली तर गावकरी मानकऱ्यांना जाब विचारतील. संचलनातही तोच रिवाज आहे: ग्रीस पहिला, यजमान शेवटी, मधल्या सगळ्यांना सारखा मान. गेली दोन उन्हाळी ऑलिंपिक ग्रीसच्या मागोमाग निर्वासितांचा संघ येतो, ज्यांना स्वतःचा बावटाच उरलेला नाही असे खेळाडू. पॅरिसला त्या संघाच्या सिंडी न्गाम्बाने बॉक्सिंगमध्ये कांस्य मिळवलं, त्या संघाचं पहिलं पदक.

जाहिरातींशिवाय वाहिनी चालत नाही, हे कळण्याइतका व्यवहार मलाही कळतो. माझी त्यावर तोड आहे. भाषणांच्या वेळी खुशाल जाहिराती लावा. आयोजन समितीचे अध्यक्ष बोलतात, मग ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष बोलतात, जागतिक शांतता आणि तरुणाई यांवर दोघेही तेच बोलतात. तेवढ्या वेळात साबण, सिमेंट, गुटख्याच्या नावाची वेलची, सगळं विकून होईल आणि प्रेक्षकाचं काडीचं नुकसान होणार नाही. पण नाही, भाषणं अखंड दाखवली! तोवर पहाटेचे तीन वाजायला आले होते आणि आमच्या ओटीवर मी आणि एक मांजर एवढेच उरलो होतो.

आता अहमदाबादकडे येतो. राष्ट्रकुलात चिमुकल्या बेटांचा भरणा ऑलिंपिकपेक्षा जास्त, कारण तिथे सेंट हेलेना, फॉकलंड, नॉरफोक बेट अशा स्वतंत्र नसलेल्या प्रदेशांचेही संघ उतरतात. निऊए नावाचं बेट आहे, माणसं दोन हजारांच्या आत, म्हणजे आमच्या एखाद्या महसुली गावाएवढी. त्यांनी 2022 साली बर्मिंगहॅमला बॉक्सिंगमध्ये आपलं पहिलं पदक मिळवलं. ही मंडळी आपल्या दारात येणार आहेत. यजमानाने तरी पाहुण्यांची नावं पाठ करावीत. उद्घाटनाला ड्रोन दोन हजार असले काय आणि दोनशे असले काय, निऊएचा संघ मैदानात येईल तेव्हा पडद्यावर तोच दिसला पाहिजे आणि तो कुठून आला हे मराठीत, गुजरातीत, हिंदीत कुणीतरी सांगितलं पाहिजे, एवढं प्रसारणाच्या करारातच लिहून घेता येईल. संचलन चालू असताना जाहिरात नाही, हे एक कलम.

आणि एक मागणी तुमच्याकडे. 2028चं ऑलिंपिक लॉस एंजेलिसला आहे, उद्घाटन 14 जुलैला. त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली दुसऱ्या दिवसाची सकाळ, शनिवार. म्हणजे या वेळी जागरण नाही, पोरांना उठवायलाही नको. त्या शनिवारच्या अंकात एक पूर्ण पान द्या: संचलनाच्या क्रमाने सगळे देश, प्रत्येकाचा बावटा रंगीत, नाव मराठीत नीट उच्चारासह, लोकसंख्या, खेळाडू किती आणि एक ओळ माहिती. वाहिनीने तोंड फिरवलं तरी पान हातात असेल. लायबेरिया, पनामा आणि मार्शल बेटांची ओळ हवी तर मी लिहून देतो, मानधन नको. फक्त पान आतल्या बाजूला, मधोमध छापा. आमच्याकडे जुलैत अंक भिजून येतो आणि पहिलं पान हमखास फाटतं.

आपला,
एक निवृत्त सारंग
वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग