पुढच्या साथीआधी सीपॅप-बायपॅपची यादी तरी करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रुग्णालयांतील यंत्रांची देखभाल करणारा मी एक बायोमेडिकल इंजिनिअर. करोनाच्या दोन्ही लाटांत माझे दिवस व्हेंटिलेटर, सीपॅप आणि बायपॅप यांच्यामध्येच गेले. साथ ओसरल्यावर आपल्याकडे चर्चा झाली ती किती व्हेंटिलेटर आले आणि किती बंद पडले याची. व्हेंटिलेटर मोकळा नसताना दुसरी श्वसनयंत्रे जुळवून, थोडी बदलून जे रुग्ण सांभाळले गेले, त्या कामाची नीट नोंद मात्र कुठे राहिलेली दिसत नाही. ते ज्ञान त्या त्या डॉक्टर-परिचारिकांबरोबर बदलीवर निघून जाते आहे. ते वेळीच लिहून ठेवले जावे म्हणून हे पत्र.

झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असलेल्यांच्या घरी उशाशी एक छोटे यंत्र असते. तेच सीपॅप. सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये हा उपचार मांडला. आत एक पंखा, बाहेर नळी आणि मास्क. पाण्याच्या ४ ते २० सेंटिमीटर उंच स्तंभाइतका दाब ते सतत देत राहते आणि श्वासमार्ग मिटू देत नाही. करोनाच्या न्यूमोनियात फुप्फुसांतल्या वायुकोशांना नेमका हाच आधार लागत होता. बायपॅप श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी असे दोन दाब देते, आणि त्यातल्या काही यंत्रांत रुग्णाने श्वास घेतला नाही तर ठरावीक गतीने श्वास देण्याची सोयही असते. पूर्ण व्हेंटिलेटरची सर ह्यांना नाही. पण गंभीर आणि अतिगंभीर यांच्या मधल्या रुग्णाला इथेच थोपवता आले, तर घशात नळी घालण्याची वेळ टळू शकते आणि तो व्हेंटिलेटर दुसऱ्या कुणाला मिळतो.

हे नुसते माझे मत नाही. ब्रिटनमध्ये १,२७३ रुग्णांवर झालेल्या ‘रिकव्हरी-आरएस’ या चाचणीचे निष्कर्ष जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. साध्या ऑक्सिजनवर ठेवलेल्यांपैकी ४४.४ टक्के रुग्णांना नळी घालावी लागली किंवा त्यांचा मृत्यू झाला. सीपॅपवर हे प्रमाण ३६.३ टक्के होते. नाकातून जोराने ऑक्सिजन देणाऱ्या हाय फ्लो यंत्राचा मात्र तसा स्पष्ट फायदा त्या चाचणीत दिसला नाही. दुसऱ्या लाटेत हाय फ्लोसाठी नातेवाइकांची जी धावाधाव आपण पाहिली, ती आठवली की हा निष्कर्ष फार बोचतो.

मार्च २०२० मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे अभियंते, त्यांच्या रुग्णालयातले डॉक्टर आणि मर्सिडीजच्या फॉर्म्युला वन गाड्यांची इंजिने बनवणारा ब्रिक्सवर्थचा कारखाना एकत्र बसले. नवे काही शोधायच्या भरीस ते पडले नाहीत. पेटंटची मुदत संपलेले एक जुने सीपॅप त्यांनी घेतले, सुटे केले, प्रत्येक भाग मोजला आणि पहिल्या बैठकीपासून १०० तासांच्या आत पहिला नमुना तयार केला. एरवी पिस्टन आणि टर्बोचार्जर घडवणारी ४० यंत्रे या कामाला लागली आणि दिवसाला हजारापर्यंत सीपॅप तयार होऊ लागली. ब्रिटिश सरकारने १०,००० मागवली. एप्रिलमध्ये त्यांनी सगळे आराखडे मोफत खुले केले आणि शंभराहून अधिक देशांतून ते मागवले गेले. या यंत्राला वीज लागत नाही, ते ऑक्सिजनच्या दाबावर चालते. त्यामुळे ऑक्सिजनही भरपूर खाते. दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी आधी तो खप कमी केला.

त्याच दिवसांत इटलीत ब्रेशियाजवळच्या कियारी रुग्णालयात श्वसनयंत्राच्या छोट्या झडपा संपल्या, तेव्हा इसिनोव्हा या लहानशा कंपनीने त्या थ्रीडी प्रिंटरवर छापून दिल्या. पाठोपाठ त्याच कंपनीने डॉ. रेनातो फावेरो या निवृत्त डॉक्टरांच्या सूचनेवरून पाण्यात पोहताना घालायच्या डेकॅथलॉनच्या पूर्ण चेहऱ्याच्या मास्कला एक जोड बसवून त्याचा सीपॅप मास्क केला. मला यातली कल्पकता भावते, पण धोकाही दिसतो. अशा मास्कमध्ये मोकळी जागा जास्त असते आणि सोडलेला श्वास आतच साचून पुन्हा ओढला जाऊ शकतो. मोजमाप केल्याशिवाय तो रुग्णाला लावणे योग्य नाही.

आपल्याकडे ‘जुगाड’ म्हणून पाठ थोपटली जाते, तिथे मला म्हणूनच थांबावेसे वाटते. घरच्या सीपॅपचा मास्क मुद्दाम छिद्राचा असतो. रुग्णाचा सोडलेला श्वास त्यातून थेट खोलीत येतो. करोनाच्या वॉर्डात याचा अर्थ विषाणू परिचारिकेच्या तोंडावर. त्यासाठी बिनछिद्राचा मास्क, त्याला लागून विषाणू अडवणारा फिल्टर आणि त्यापुढे श्वास बाहेर सोडायची जागा, असा क्रम लावावा लागतो. फिल्टर ओला झाला की श्वासाला अडथळा होतो, म्हणून तो बदलत राहावा लागतो. नळी निसटली तर ओरडणारा अलार्म यातल्या बऱ्याच यंत्रांत नसतो, बॅटरी तर सहसा नसतेच. तालुक्याच्या गावी वीज गेली की पंखा थांबला. औषधे आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने मार्च २०२० मध्ये अशी यंत्रे बदलून वापरायला परवानगी दिली, तीही अटी घालूनच. एका व्हेंटिलेटरवर दोन रुग्ण ठेवण्याच्या कल्पनेला मात्र तिथल्या अतिदक्षता आणि भूलतज्ज्ञांच्या संघटनांनी त्याच महिन्यात एकत्र पत्रक काढून विरोध केला. कारण साधे आहे: ज्याचे फुप्फुस जास्त ताठर, त्याच्या वाट्याची हवा दुसऱ्याकडे जाते.

आणि ऑक्सिजन. एका जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर वायू असतो. मिनिटाला ६० लिटर ओढणारे हाय फ्लो यंत्र तो दोन तासांच्या आत संपवते. घरगुती पद्धतीचे पंख्याचे सीपॅप खोलीतली हवा घेते आणि त्यात मिनिटाला १० लिटर ऑक्सिजन सोडला, तर तोच सिलिंडर साडेअकरा तासांच्या आसपास पुरतो. अशा रीतीने शुद्ध ऑक्सिजन मिळत नाही, त्याचे प्रमाण मर्यादितच राहते, म्हणून सगळ्याच रुग्णांना ते चालत नाही. पण कोणाला चालेल हे आधी ठरवून ठेवले असते, तर एप्रिल २०२१ मध्ये टँकरची वाट पाहत काढलेल्या रात्री थोड्या तरी सुसह्य झाल्या असत्या. रेल्वेने कळंबोलीहून रिकामे टँकर विशाखापट्टणमला नेऊन भरून आणायची वेळ आली होती. त्याच आठवड्यात नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती झाली, रुग्णांपर्यंत जाणारा दाब घसरला आणि त्या दिवशी २२ जण गेले. तिथे तर यंत्रे जागेवर होती.

आपल्या राज्यात कुवत नाही असे कोणी म्हणू नये. त्याच एप्रिलमध्ये आयआयटी मुंबईने नायट्रोजन बनवणाऱ्या यंत्रातली कार्बनची चाळणी काढून तिथे हवेतला नायट्रोजन धरून ठेवणाऱ्या झिओलाइटची बसवली आणि ९३ ते ९६ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन मिळवून दाखवला. पुण्यात सौर पॅनेल पुसणारे यंत्रमानव बनवणाऱ्या नोका रोबोटिक्सच्या तरुणांनी आयआयटी कानपूरच्या मदतीने व्हेंटिलेटर तयार केला. दुसरीकडे, पीएम केअर्समधून मराठवाड्यात आलेल्या व्हेंटिलेटरच्या बिघाडांचा विषय मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेला. डॉक्टर म्हणत होते यंत्रात दोष आहे, केंद्राचे म्हणणे होते वापरणाऱ्यांना प्रशिक्षण नाही. माझ्या दृष्टीने त्या वादात सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की हा प्रश्न रुग्ण खाटेवर असताना विचारला गेला. तो यंत्र खोक्यातून काढायच्या आधी विचारायचा असतो.

१९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली तेव्हा ब्लेगदाम रुग्णालयात एकच ‘आयर्न लंग’ (रुग्णाला गळ्यापर्यंत आत ठेवून श्वास देणारी पेटी) आणि छातीवर बांधायची सहा यंत्रे होती. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. मग ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने शस्त्रक्रियागृहातली रबरी पिशवी वॉर्डात आणली. गळ्याला छेद देऊन नळी बसवायची आणि पिशवी हाताने दाबत राहायचे. वैद्यकीय शिक्षण घेणारी सुमारे १,५०० मुले-मुली पाळ्या लावून आठवडेच्या आठवडे रुग्णांच्या उशाशी बसली आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांपर्यंत उतरले. आजचा अतिदक्षता विभाग त्या वॉर्डातून जन्मला. त्या मुलांना पिशवी कशी दाबायची हे कुणीतरी आधी शिकवले होते, इतकेच मला आपल्या आरोग्य विभागाच्या निदर्शनास आणायचे आहे.

म्हणून मागणी अशी. प्रत्येक जिल्ह्यात सरकारी, खासगी आणि भाड्याने यंत्रे देणाऱ्यांकडची सीपॅप-बायपॅप मोजून त्यांची मॉडेलनिहाय यादी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे असावी. आपोआप श्वास देणारी कोणती, अलार्म असलेली कोणती, हे त्यात वेगळे दाखवावे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला सोबत घेऊन यातल्या प्रत्येक प्रकाराची जोडणी कृत्रिम फुप्फुसावर तपासावी. जी तपासणीत उतरेल तिचीच मराठीत, चित्रांसह, एका पानाची कृती छापून वॉर्डात लावावी. बिनछिद्राचे मास्क, फिल्टर, ऑक्सिजनचा जोड आणि इन्व्हर्टर हे यंत्राबरोबरच खरेदी व्हावे. हे चार सुटे भाग नाहीत म्हणून चांगली यंत्रे कपाटात पडून राहिलेली मी स्वतः पाहिली आहेत. नियामकांची आणीबाणीतली परवानगी कोणत्या अटींवर मिळेल ते आताच लिहून ठेवावे. आणि परिचारिकांना वर्षातून एकदा तरी ही जोडणी हाताने करू द्यावी. व्याख्यान देऊन ती येत नाही.

यातल्या कशालाही नवी इमारत लागत नाही. आमच्या जिल्ह्यात ही यादी करायची झाली, तर माझा वेळ आणि हात मी विनामोबदला द्यायला तयार आहे. माझ्यासारखे इतर जिल्ह्यांतही मिळतील. आरोग्य विभागाने नुसते कळवावे.

आपला,
एक बायोमेडिकल इंजिनिअर, सांगली